न दिसणाऱ्याची मोजदाद

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक संख्या येते आणि आपण कुठून आलो हे न सांगता तिथेच मुक्काम ठोकते. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. तिला ॲव्होगॅड्रो अंक म्हणायचे. इतके अणू किंवा रेणू म्हणजे एक मोल. दिलेल्या वजनाला रेणुभाराने भागले की मोल निघतात. मुले सूत्र पाठ करतात, गणिते सोडवतात, गुणही मिळवतात. मी रसायनशास्त्र शिकवत असताना वर्गातून सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न मात्र गणिताचा नसे. ‘हे मोजलं कुणी?’ असा तो असे.

प्रश्न रास्त आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशी चढत जाणारी संख्यांची नावे परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. एका मोलमध्ये असे साठ लाखांहून अधिक परार्ध मावतात. अशी संख्या कोणी एकेक करून मोजली नसणार, हे मुलांना कळते. मग ती आली कशी?

या प्रश्नाच्या मागे जाऊ लागलो की दोन अनपेक्षित गोष्टी हाती लागतात. पहिली ही, की ही संख्या ॲव्होगॅड्रोने काढलेली नाही. त्याला ती ठाऊकही नव्हती. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रसायनशास्त्रज्ञांचे खरे अडले होते ते या प्रचंड संख्येवाचून नव्हे. त्यांचे अडले होते ते कशाला काय म्हणायचे आणि काय एकक धरून मोजायचे, याबद्दलच्या एकमतावाचून. उत्तर १८११ मध्ये छापून आले होते. ते स्वीकारायला युरोपातल्या विद्वानांना जवळजवळ पन्नास वर्षे लागली. त्या पन्नास वर्षांची आणि त्यानंतरच्या मोजणीची हकीकत इथे सांगायची आहे.

तोलणे आणि मोजणे

आपण आंबे डझनावर घेतो, तांदूळ मात्र किलोवर. पूर्वी धान्य पायलीने मापत. तांदळाचे दाणे कोणी मोजत नाही, कारण ते मोजण्याजोगे नसतात आणि तशी गरजही नसते. अणूंचे तेच आहे, फक्त तिथे अडचण अशी की गरज असते. रसायनात पदार्थ एकमेकांशी जोडले जातात ते वजनाने नव्हे, नगाने. कार्बनचा एक अणू ऑक्सिजनच्या दोन अणूंशी जोडला जातो, दोन ग्रॅमशी नव्हे. पण प्रयोगशाळेत हाताशी असतो तो तराजू. म्हणजे व्यवहार नगांचा आणि साधन वजनाचे.

चुन्याच्या भट्टीचे उदाहरण घेऊ. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर कळीचा चुना ५६ किलो निघतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे प्रमाण दर वेळी तेच येते. अशी ठरीव प्रमाणे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक हाती येऊ लागली. जर्मनीतल्या रिश्टरने १७९२ मध्ये अशा हिशेबांना ‘स्टॉइकिओमेट्री’ हे नावही दिले. पुढे १८१४ मध्ये इंग्लंडच्या वॉलस्टनने तर या हिशेबांसाठी एक सरकपट्टीच बनवली. पट्टी सरकवायची आणि कशाला किती लागेल ते वाचायचे. तिच्यात अणूंचा संबंध नव्हता. कारखानदाराचे, औषधे बनवणाऱ्याचे काम तेवढ्यावर भागत होते.

मात्र ५६ आणि ४४ हे आकडे असेच का, हे सरकपट्टी सांगू शकत नव्हती.

डाल्टनचा फराळाचा डबा

त्या ‘का’चे उत्तर मँचेस्टरला शिकवण्या करून राहणाऱ्या जॉन डाल्टनने दिले. विणकराचा हा मुलगा. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे आणि ठरावीक वजनाचे असतात, आणि ते पूर्ण नगांनीच जोडले जातात, असे त्याने मांडले. प्रमाणे ठरीव येतात ती त्यामुळे. १८०३ पासून तो अणूंच्या सापेक्ष वजनांचे तक्ते करू लागला. हायड्रोजनचा अणू सर्वांत हलका, म्हणून तो १, आणि बाकीचे त्याच्या किती पट, असा हिशेब.

अडचण लगेच उभी राहिली. ती समजायला दिवाळीचा फराळ पुरेसा आहे. समजा, एका घरातून फराळाचे पुष्कळ डबे भरून गेले, सगळे अगदी एकसारखे. डबे आपण पाहिले नाहीत. एवढेच कळले, की एकंदर शंकरपाळी १ किलो गेली आणि लाडू ८ किलो. एक लाडू एका शंकरपाळीच्या किती पट जड? प्रत्येक डब्यात एक शंकरपाळी आणि एक लाडू असेल, तर ८ पट. दोन शंकरपाळ्या आणि एक लाडू असेल, तर १६ पट. एकंदर वजनावरून डब्यातले नग कळत नाहीत, आणि नग कळल्याशिवाय एकेकाचे वजन कळत नाही.

शंकरपाळीच्या जागी हायड्रोजन, लाडवाच्या जागी ऑक्सिजन आणि डब्याच्या जागी पाण्याचा रेणू ठेवला की डाल्टनचा पेच तयार होतो. (त्याच्या प्रयोगांत ८ ऐवजी ७ च्या आसपास आकडा येई, तो भाग वेगळा.) त्याने यावर एक नियम करून टाकला. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात दोहोंचा एकेक अणू आहे असे धरावे. म्हणून पाणी ‘एचओ’. नियम सोपा होता, पण त्याला पुरावा नव्हता. एकदा पाणी ‘एचओ’ धरले की ऑक्सिजनचा अणुभार निम्मा येतो, आणि ऑक्सिजनशी जुळवून काढलेले पुढचे कित्येक अणुभारही बिघडतात.

व्हेर्चेल्लीचा प्राध्यापक

डबा न उघडता आत काय आहे हे कळायला दुसरी एखादी खूण हवी होती. ती पॅरिसमधून आली. गे-ल्युसॅकने १८०८ च्या अखेरीस दाखवून दिले की वायू एकमेकांशी जोडले जातात ते आकारमानाच्या अगदी साध्या प्रमाणात. २ भाग हायड्रोजन आणि १ भाग ऑक्सिजन मिळून २ भाग वाफ होते. १ भाग नायट्रोजन आणि ३ भाग हायड्रोजन मिळून २ भाग अमोनिया.

आमेदेओ ॲव्होगॅड्रो हा तुरिनचा. जन्म १७७६. घराणे वकिलांचे. तोही आधी कायद्याचा पदवीधर झाला आणि मग गणित व पदार्थविज्ञानाकडे वळला. व्हेर्चेल्ली या लहानशा गावी तो शिकवत असताना, १८११ मध्ये, एका फ्रेंच नियतकालिकात त्याचा निबंध आला. त्यातली मध्यवर्ती कल्पना एका वाक्यात सांगता येते: तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते.

म्हणजे नग मोजायची युक्ती सापडली. किती नग, ते कळत नाही. पण इथे जेवढे तेवढेच तिथे, हे कळते. एक लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन तोलले की दोन्हींच्या एकेका रेणूच्या वजनांचे प्रमाण आपोआप मिळते. डझन म्हणजे किती हे माहीत नसले, तरी डझनभर लिंबे आणि डझनभर नारळ तोलून एक नारळ एका लिंबाच्या किती पट जड आहे हे सांगता येते. मोलची सगळी कल्पना इथे बीजरूपात आहे.

पण या कल्पनेची एक किंमत होती. ऑक्सिजनच्या १ भागापासून वाफेचे २ भाग होतात. सारख्या आकारमानात सारखे रेणू असतील, तर ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे होऊन ते वाफेच्या दोन रेणूंत गेले असले पाहिजेत. म्हणजे ऑक्सिजनचा रेणू निदान दोन अणूंचा. हायड्रोजनचाही तसाच. आणि पाणी ‘एचटूओ’. ॲव्होगॅड्रोने हे सगळे स्पष्टपणे मांडले होते. अँपिअरनेही १८१४ मध्ये जवळजवळ हेच म्हटले.

ते मानले मात्र फारसे कोणी नाही. मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू, तो दुभंगेल कसा, ही डाल्टनची बाजू. त्याने तर गे-ल्युसॅकचे प्रयोगही मान्य केले नाहीत. स्वीडनचा बर्झेलियस हा त्या काळातला सर्वांत मातब्बर रसायनशास्त्रज्ञ. आज आपण वापरतो ती मूलद्रव्यांची अक्षरचिन्हे त्याचीच. त्याच्या मते अणू एकमेकांना धरून राहतात ते धन आणि ऋण विजेच्या ओढीने. मग ऑक्सिजनचे दोन सारखे अणू एकत्र राहतील कसे? त्यांनी तर एकमेकांना दूर लोटायला हवे. आक्षेप बिनतोड वाटत होता. दोन सारखे अणू का जोडले जातात याचे समाधानकारक उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

पॅरिसमध्ये द्यूमाने १८२६ पासून पदार्थांच्या वाफा तोलून ॲव्होगॅड्रोच्या वाटेने जाऊन पाहिले. पारा, गंधक, फॉस्फरस यांचे आकडे अपेक्षेपेक्षा भलतेच आले. त्याने रेणू सगळीकडे दोन अणूंचाच धरला होता. प्रत्यक्षात पाऱ्याच्या वाफेत अणू सुटे असतात आणि फॉस्फरसच्या वाफेत चार-चार एकत्र. द्यूमा इतका वैतागला की आपल्या हाती असते तर ‘अणू’ हा शब्दच शास्त्रातून पुसून टाकला असता, अशा अर्थाचे तो व्याख्यानात बोलून गेला.

ॲव्होगॅड्रोच्या वाट्याला वादही आला नाही, आली ती उपेक्षा. १८२० मध्ये त्याला तुरिनच्या विद्यापीठात अध्यासन मिळाले, पण राजकीय उलथापालथीत ते थोड्याच काळात गेले. १८३४ मध्ये ते त्याला परत मिळाले आणि १८५० पर्यंत त्याने तिथे शिकवले. १८५६ मध्ये तो वारला. निबंध प्रसिद्ध होऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.

नावांचा घोळ

या उपेक्षेचे एक कारण भाषेत होते, आणि मराठी वाचकाला ते चटकन पटेल. मराठीत आपण ‘अणू’ म्हणतो तो मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, आणि अनेक अणूंचा मिळून होतो तो ‘रेणू’. हिंदीत यातल्या पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. मराठीतला अणुबाँब हिंदीत ‘परमाणु बम’ होतो तो यामुळे. मराठी शाळेतून हिंदी माध्यमात गेलेल्या मुलाला ‘अणु’ हा ओळखीचा शब्द भेटतो आणि त्याचा अर्थ मात्र बदललेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सगळ्या युरोपची ही अवस्था होती. ॲव्होगॅड्रो स्वतः ‘अणू’ हा शब्द टाळतो आणि सगळ्यालाच वेगवेगळी विशेषणे लावून ‘रेणू’ म्हणतो. डाल्टन पाण्याच्या रेणूलाही अणू म्हणतो. कोणी ‘तुल्यभार’ हा शब्द वापरून दोन्ही टाळतो. कोणाचा कार्बन ६ आणि ऑक्सिजन ८, तर कोणाचा कार्बन १२ आणि ऑक्सिजन १६. एकच सूत्र दोन प्रयोगशाळांत दोन वेगळ्या पदार्थांचे ठरू शकत होते. केकुलेने १८६१ च्या आपल्या ग्रंथात ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणाऱ्या साध्या आम्लाची, त्या वेळी प्रचारात असलेली सूत्रे एकत्र दिली आहेत. ती १९ भरली.

प्रयोग चोख होते, तराजू उत्तम होते, माणसे बुद्धिमान होती. तरीही हिशेब जुळत नव्हता, कारण प्रत्येकाच्या डझनात वेगवेगळे नग होते.

कार्ल्सरूहचे तीन दिवस

शेवटी केकुले, वुर्त्झ आणि व्हेल्टसिन यांनी युरोपभर पत्रे धाडली. ३ सप्टेंबर १८६० रोजी जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ जमले. रसायनशास्त्राची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. चर्चेला घेतलेला विषय पाहण्यासारखा आहे: अणू कशाला म्हणायचे आणि रेणू कशाला? त्यासाठी तीन दिवस ठेवले होते.

तिथे जिनोव्हाहून स्तानिस्लाओ कानिझ्झारो आला होता. मूळचा सिसिलीचा. १८४८ च्या क्रांतीत भाग घेतल्यामुळे त्याला देश सोडून फ्रान्सला जावे लागले होते. परत येऊन तो जिनोव्हात शिकवू लागला. विद्यार्थ्यांपुढे गोंधळ कसा मांडायचा, या शिक्षकाच्या अडचणीतून त्याने १८५८ मध्ये आपल्या अभ्यासक्रमाची रूपरेषा लिहून काढली होती. ॲव्होगॅड्रोचा विस्मृतीत गेलेला निबंध तिचा पाया होता.

त्याची रीत कोणालाही समजण्याजोगी होती. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून तो २ धरा. त्याच्या मानाने इतर वायू किती पट जड आहेत ते तोला, म्हणजे त्यांचे रेणुभार मिळतील. आता कार्बनची संयुगे घ्या. मिथेनचा रेणुभार १६, त्यात कार्बन १२ भाग. कार्बन मोनॉक्साइड २८, त्यात कार्बन १२. कार्बन डायऑक्साइड ४४, त्यात कार्बन १२. एथिलीन २८, त्यात कार्बन २४. पुढे कितीही संयुगे घ्या, १२ पेक्षा कमी कार्बन कुठेच सापडत नाही, आणि सापडतो तो १२ च्या पटीतच. मग कार्बनचा अणुभार १२ आहे हे सांगायला वेगळा नियम गृहीत धरावा लागत नाही. असे अनेक डबे तोलून त्याने आतले नग ओळखले होते.

परिषदेत तो आवेशाने बोलला. ठराव झाला नाही. शास्त्रातले प्रश्न मतदानाने सोडवायचे नसतात, अशी तिथली भावना होती. माणसे पांगू लागली तेव्हा कानिझ्झारोचा मित्र पावेसी याने त्या रूपरेषेच्या छापील प्रती वाटल्या. एक प्रत जर्मनीच्या लोथार मायरने खिशात घातली आणि घरी परतताना वाचली. आपल्या शंका विरल्या आणि मन निश्चिंत झाले, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. श्रोत्यांत सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्हही होता. नऊ वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याने आवर्त सारणी मांडली. मायरही स्वतंत्रपणे तिथवर पोचला होता. अणुभार एका मापाने मोजलेले नसते, तर ते क्रमाने लावून त्यातली पुनरावृत्ती कोणाला दिसली नसती.

किती नग?

प्रमाणे ठरली. आता ‘मोजलं कुणी?’ या प्रश्नाकडे येता येते.

पहिला पल्ला १८६५ मध्ये व्हिएन्नाच्या लोश्मिटने गाठला. वायूंच्या गतीच्या सिद्धांतावरून त्याने हवेच्या रेणूचा व्यास काढला, तो मिलिमीटरच्या साधारण दहा लाखाव्या भागाएवढा. आजच्या मानाने तो काही पट मोठा होता, पण रेणूला पहिल्यांदाच आकार मिळाला आणि त्यावरून रेणूंची संख्याही अंदाजता येऊ लागली.

‘मोल’ हा शब्द १८९० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ऑस्टवाल्डने रूढ केला. गंमत अशी की ऑस्टवाल्डचा अणूंवर विश्वास नव्हता! त्याच्या लेखी मोल म्हणजे केवळ वजन, रेणुभाराइतके ग्रॅम. तेवढ्यावर हिशेब चालत होता. चुनखडीचा रेणुभार १००, कळीच्या चुन्याचा ५६. २५ किलो चुनखडी म्हणजे २५० मोल. एका मोलपासून एक मोल चुना, म्हणून २५० मोल चुना, म्हणजे १४ किलो. यात अणूवर श्रद्धा असण्याची गरज नाही. नगांचा हिशेब वजनात इतका चपखल बसला होता की नग खरेच आहेत का, हा प्रश्न बाजूला ठेवता येत होता.

तो प्रश्न पॅरिसमध्ये ज्याँ पेरँने निकालात काढला. त्याने गँबोज घेतला. चित्रकार वापरतात तो हा पिवळा रंग, आग्नेय आशियातल्या एका झाडाचा चीक वाळवून केलेला. ते झाड ‘गार्सिनिया’, म्हणजे आपल्या कोकणातल्या कोकमाचे भाऊबंद. गँबोज पाण्यात घोळला की त्याचे बारीक गोल कण होतात. सारख्या आकाराचे कण निवडायला त्याला महिनोन्‌महिने लागले. एक किलो गँबोजमधून हवे तसे कण निघाले ते ग्रॅमच्या दशांशांत मोजावेत एवढेच. मग पाण्याच्या थेंबात वेगवेगळ्या उंचीवर त्याने सूक्ष्मदर्शकातून कण मोजले. तळाशी १०० असतील तर ३० मायक्रॉन वर ४७, आणखी ३० वर साधारण २३, आणखी ३० वर १२. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

उंच जावे तशी हवा विरळ होते, तसेच हे. ऑक्सिजन निम्मा व्हायला पाच किलोमीटरहून थोडे अधिक चढावे लागते, इथे ३० मायक्रॉन पुरे होतात. म्हणजे पाण्याचा उचल-परिणाम वजा जाता गँबोजचा कण ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा सतरा-अठरा कोटी पट जड. कणाचा आकार आणि घनता मोजता येते, त्यावरून ऑक्सिजनच्या एका रेणूचे वजन निघते, आणि मग ३२ ग्रॅममध्ये असे किती, हा नुसता भागाकार उरतो. पेरँचे उत्तर आजच्या ६ ऐवजी ७ च्या आसपास येई. पण वेगवेगळ्या रीतींनी काढले तरी ते तिथेच येत होते, हे मोलाचे होते. १९०९ मध्ये त्याने या संख्येला ॲव्होगॅड्रोचे नाव दिले. त्याच सुमारास ऑस्टवाल्डनेही अणू खरे आहेत हे जाहीरपणे मान्य केले.

पुन्हा एक संकेत

यानंतर उरले ते काटेकोरपणाचे काम. विसाव्या शतकातही रसायनशास्त्रज्ञांचा ऑक्सिजन १६ आणि भौतिकशास्त्रज्ञांचा ऑक्सिजन १६ यांत बारीकसा फरक होता. १९६० च्या सुमारास दोघांनी मिळून कार्बन-१२ हा समस्थानिक प्रमाण मानला, तेव्हा तो मिटला. १९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतले सातवे मूलभूत एकक झाले. १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके नग म्हणजे एक मोल. व्याख्या अजून वजनालाच बांधलेली होती.

ती गाठ २० मे २०१९ रोजी सुटली. त्याआधी काही वर्षे जवळजवळ निव्वळ सिलिकॉन-२८ चा, सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचा, एक किलोचा गुळगुळीत गोळा करून त्याच्या स्फटिकातले अणूंमधले अंतर क्ष-किरणांनी मोजले गेले होते. अंतर कळले, गोळ्याचे आकारमान कळले, की नग कळतात. एवढी खात्री पटल्यावर संख्याच ठरवून टाकली: ६०२२१४०७६ आणि पुढे १५ शून्ये. आता मोल म्हणजे इतके नग. डझन म्हणजे बारा, तसे. ग्रॅमचा त्यात उल्लेख नाही.

म्हणून ‘हे मोजलं कुणी?’ या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. सारखे नग असतात हे ॲव्होगॅड्रोने सांगितले, ते कानिझ्झारोने शिकवून पटवले, पेरँने प्रत्यक्ष मोजले आणि शेवटी सगळ्यांनी मिळून तो आकडा कायम केला. यातला सर्वांत जास्त वेळ मोजण्यात गेला नाही, एकमेकांचे शब्द समजून घेण्यात गेला. पाठ्यपुस्तकात सूत्राशेजारी कार्ल्सरूहसाठी चार ओळी मिळाल्या, तर मुलांना ती संख्या आकाशातून पडल्यासारखी वाटणार नाही. १०० किलो चुनखडीतून त्या परिषदेआधीही ५६ किलोच चुना निघत होता. तो ५६ च का, हे मात्र त्यानंतर साऱ्या जगाला एकाच भाषेत सांगता येऊ लागले.